विश्लेषण : धुण्याची पावडर निवडताना काय पाहावे? सोलापूरच्या नळाशी तिचा संबंध काय?

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत नळाला पाणी येण्याचा दिवस हाच बहुतेक घरांत धुण्याचा दिवस असतो. पिण्याचे पाणी भरून झाले, पिंप आणि हौद भरले, की साचलेल्या चादरी, टॉवेल, शाळेचे गणवेश मोरीत येतात. नळ नसलेल्या दिवशी भिस्त बोअरच्या पाण्यावर. त्या पाण्यात फेस नीट होत नाही, म्हणून पावडरीचा आणखी एक चमचा पडतो. धुणे संपते आणि पाणी मोरीतून गटारात जाते. ते पुढे कुठे जाते आणि सोलापूरच्या नळाला येणारे पाणी कुणाकुणाच्या मोरीवरून आलेले असते, हे पाहिले तर पावडरीची निवड हा केवळ कपड्यांच्या शुभ्रतेचा प्रश्न राहत नाही. धुणाऱ्या हातांची त्वचा आणि शहराचे पिण्याचे पाणी, या दोन्हींशी तिचा संबंध आहे.

उजनीत कुणाच्या धुण्याचे पाणी येते?

सोलापूरला पाणी मिळते ते प्रामुख्याने भीमा नदीवरील उजनी धरणातून. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. धरणाच्या वरच्या अंगाला पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही दोन मोठी शहरे आहेत. पवना मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला मिळते, इंद्रायणी तुळापूरला भीमेत येते. हे सगळे पाणी शेवटी उजनीच्या जलाशयात साठते. म्हणजे त्या शहरांतील लाखो मोऱ्यांतून आणि वॉशिंग मशिनमधून बाहेर पडलेले पाणी, प्रक्रिया होऊन किंवा न होता, सोलापूरकडे येते.

आळंदीला इंद्रायणीच्या पात्रावर पांढऱ्या फेसाचे थर गेल्या काही वर्षांत अनेकदा दिसले. वारीच्या काळातली ती छायाचित्रे राज्यभर पोहोचली. तो फेस केवळ घरगुती पावडरीचा नव्हे. कारखान्यांचे सांडपाणी आणि मैलापाणीही त्यात असते. पण पाण्यावर फेस धरून ठेवणारे जे रसायन असते, त्याच जातीचे रसायन प्रत्येक घरातल्या पावडरीत असते. आळंदीचा फेस पुढे विरतो, पाणी मात्र उजनीकडेच येते. उजनीचे पाणी उन्हाळ्यात हिरवट दिसते, जलाशयात जलपर्णी पसरते, हे सोलापूरकरांना नवे नाही.

पावडरीत नेमके असते काय?

धुण्याच्या पावडरीचा पुडा कितीही रंगीत असला तरी आतल्या घटकांचे गट ठरलेले असतात.

पहिला गट मळ सोडवणाऱ्या रसायनांचा. यांना पृष्ठसक्रिय द्रव्ये म्हणतात. त्यांच्या रेणूचे एक टोक तेलकट मळाला चिकटते आणि दुसरे पाण्याला, त्यामुळे मळ कापडावरून सुटतो. भारतीय पावडरींत सर्वाधिक वापरले जाणारे द्रव्य म्हणजे लिनिअर अल्किल बेंझीन सल्फोनेट. पावडर बनवणारे ज्याला ‘ॲसिड स्लरी’ म्हणतात, त्यावर सोड्याची क्रिया करून ते तयार होते.

दुसरा गट ‘बिल्डर’चा. पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांना बाजूला ठेवून पहिल्या गटाला काम करू देणे, हे त्यांचे काम. धुण्याचा सोडा, फॉस्फेट, झिओलाइट हे बिल्डर आहेत.

तिसरा गट पूरक घटकांचा. रक्त, दूध, वरण यांचे डाग तोडणारी एन्झाइम, डाग फिका करणारे ब्लीच, कपडा पांढरा भासवणारे ‘ऑप्टिकल ब्राइटनर’, सुगंध आणि रंग. याशिवाय पुड्याचे वजन भरणारे क्षार असतातच. आरोग्याच्या आणि पर्यावरणाच्या दृष्टीने निवड करायची तर या तिन्ही गटांकडे वेगवेगळे पाहावे लागते.

फॉस्फेटचा वाद काय आहे?

सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट हा उत्तम बिल्डर आहे. अडचण धुण्यात नाही, धुण्यानंतर आहे. फॉस्फरस हे वनस्पतींचे अन्न. शेतात खत म्हणून जे टाकतात तेच तलावात गेले की शेवाळाला मिळते. एक ग्रॅम फॉस्फरसवर साधारण शंभर ग्रॅम कोरड्या वजनाचे शेवाळ वाढू शकते. शेवाळ माजते, मरते, कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते. मग मासे मरतात, पाण्याला वास येतो आणि ते शुद्ध करायला अधिक क्लोरीन, अधिक तुरटी लागते. काही प्रकारच्या नील-हरित शेवाळांतून यकृताला घातक विषेही तयार होतात.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाने ‘लेक २२६’ या तलावाच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन टाकले. फॉस्फरस मात्र एकाच भागात. फॉस्फरस टाकलेला भाग शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा निवळच राहिला. आकाशातून घेतलेल्या त्या तलावाच्या छायाचित्राने डिटर्जंटमधील फॉस्फेटविरुद्धच्या कायद्यांना मोठे बळ दिले. युरोपीय संघाने ३० जून २०१३ पासून घरगुती धुण्याच्या डिटर्जंटमध्ये एका धुण्यामागे अर्ध्या ग्रॅमहून कमी फॉस्फरस, अशी मर्यादा घातली. भारतात अशी कायदेशीर मर्यादा नाही. त्यामुळे ‘फॉस्फेटविरहित’ ही निवड येथे ग्राहकाच्याच हाती राहते.

साध्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात फॉस्फरस पुरेसा निघत नाही; त्यासाठी वेगळी प्रक्रिया लागते. आणि केंद्रेही अपुरी आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते, तर ते शुद्ध करण्याची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर आहे. निम्म्याहून अधिक पाण्यासाठी केंद्रच नाही.

फेस जास्त म्हणजे धुणे स्वच्छ?

नाही. फेस आणि स्वच्छता यांचा थेट संबंध नाही. मशिनसाठीच्या पावडरी मुद्दाम कमी फेसाच्या केलेल्या असतात, तरी त्या कपडे धुतात. फेस ही डोळ्यांची सवय आहे आणि जाहिरातींनी ती पक्की केली आहे.

फेसाचा इतिहास मात्र उपयोगी आहे. १९५० च्या दशकात युरोप-अमेरिकेत डिटर्जंटमध्ये फांद्या असलेल्या रेणूंचे द्रव्य वापरत. जिवाणूंना ते फोडता येईना. नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहिले, काही ठिकाणी नळाच्या पाण्यालाही फेस येऊ लागला. जर्मनीने कायदा केला, अमेरिकेतील उद्योगाने १९६५ मध्ये रसायन बदलले. त्यातून सरळ साखळीचे ‘लिनिअर’ द्रव्य आले. प्राणवायू असलेल्या पाण्यात ते काही दिवसांत विघटित होते. प्राणवायू नसलेल्या, तुंबलेल्या गटारात आणि गाळात मात्र तसेच पडून राहते. म्हणून ‘विघटनशील’ हा शब्द पुड्यावर असला तरी गटार उघडे आणि पाणी साचलेले असेल तर तो शब्द पूर्ण खरा ठरत नाही.

हातांना काय होते?

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेले असते. साबण अल्कधर्मी असल्याची ती खूण. धुण्याच्या पावडरीच्या पाण्याचा सामू साधारण १० ते ११ असतो. त्वचेचा सुमारे ५. हात तासभर त्या पाण्यात राहिले की त्वचेवरचे तेलकट आवरण निघून जाते. मग कोरडेपणा, भेगा, बोटांच्या बेचक्यांत लाली, खाज आणि पुढे इसब. मशिन असलेल्या घरातही कॉलर-बाही हातानेच घासली जाते. आणि ज्या बाया दिवसाला चार-पाच घरांची धुणीभांडी करतात, त्यांच्या हातांना तर सुटी नसते. त्या घरांत कोणती पावडर आणायची हे त्या ठरवत नाहीत; ठरवणाऱ्याने त्यांच्या हातांचाही विचार करावा.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. पावडरीने सगळ्यांच्याच हातांना होणारा दाह एक. आणि एखाद्यालाच, एखाद्या विशिष्ट घटकामुळे होणारी ॲलर्जी दुसरी. दाह कमी करायला पावडर कमी वापरणे, रबरी हातमोजे घालणे, धुण्यानंतर हात साध्या पाण्याने धुऊन खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावणे पुरते. ॲलर्जीचा संशय असेल तर त्वचारोगतज्ज्ञ ‘पॅच टेस्ट’ करून नेमका घटक शोधतात. त्याआधी पावडरी बदलत राहण्याने पैसे जातात, कारण हाती लागत नाही.

ॲलर्जी देणाऱ्यांत सुगंध अग्रभागी असतो. युरोपीय संघात सुगंधातील ठरावीक घटक डिटर्जंटमध्ये ०.०१ टक्क्याहून अधिक असतील तर त्यांची नावे छापावी लागतात. दुसरा घटक लिक्विडमधला. पाणी असलेला पदार्थ नासू नये म्हणून त्यात संरक्षक द्रव्य घालतात. त्यांपैकी मिथाइलआयसोथायझोलिनोन या द्रव्याला अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३ चा ‘ॲलर्जन ऑफ द इयर’ ठरवले होते. कोरड्या पावडरीला अशा संरक्षकाची सहसा गरज नसते. म्हणजे लिक्विड मऊ आणि पावडर कडक, हा समज सरसकट खरा नाही. पावडरीचा धोका वेगळा: पुडा वरून ओतताना उडणारी धूळ नाकात जाते. दम्याचा त्रास असलेल्यांनी चमच्याने, पाण्याजवळ नेऊन टाकावी.

एन्झाइमबद्दलही भीती आहे. १९६० च्या दशकाअखेर एन्झाइमची भुकटी हाताळणाऱ्या कारखान्यांतील कामगारांना दमा झाल्याचे आढळले होते. त्यानंतर एन्झाइम आवरणात बंद केलेल्या दाण्यांच्या रूपात येऊ लागली. घरगुती वापरात त्यांनी त्वचेची ॲलर्जी होते, असे संशोधनात दिसलेले नाही. उलट थंड पाण्यात आणि कमी पावडरीत डाग काढण्याचे काम ती करतात. मात्र रेशीम आणि लोकर प्रथिनांचे धागे असल्याने प्रथिने तोडणारे एन्झाइम त्यांना चालत नाही.

‘शुभ्र’ आणि ‘सुगंधी’ची किंमत

ऑप्टिकल ब्राइटनर मळ काढत नाहीत. उन्हातले न दिसणारे अतिनील किरण शोषून ते निळसर प्रकाश बाहेर टाकतात, म्हणून पिवळट कापड पांढरे दिसते. नीळ हेच काम जुन्या रीतीने करते. ब्राइटनर कापडावर राहण्यासाठीच बनवलेले असतात आणि पाण्यात गेल्यावर हळूहळू विघटित होतात. तान्ह्या बाळाच्या झबल्यांना आणि रोजच्या अंतर्वस्त्रांना त्यांची गरज नाही.

‘फॅब्रिक सॉफ्टनर’चेही तसेच. त्यातील द्रव्य धाग्यावर पातळ थर चढवते. कापड मऊ लागते, पण पाणी शोषत नाही. सोलापुरी टेरी टॉवेलचा सगळा उपयोगच पाणी शोषण्यात आहे. त्याला सॉफ्टनर लावणे म्हणजे त्याचा गुण घालवणे. टॉवेल कडक होत असेल तर कारण बहुधा धाग्यांत उरलेली पावडर आणि जड पाण्याचे क्षार हे असते. एक खळबळ जास्त द्यावी आणि वाळल्यावर टॉवेल जोराने झटकावा.

कपड्यांवरचे जंतू मारण्यासाठी वेगळे द्रव्य घालण्याची गरजही सर्वसाधारण घरात नसते. घरात संसर्गजन्य आजाराचा रुग्ण असेल तर डॉक्टर सांगतील तसे करावे. एरवी कपडे नीट धुऊन सोलापूरच्या उन्हात वाळवणे पुरते.

बोअरच्या जड पाण्याचे काय करायचे?

सोलापूर परिसर काळ्या पाषाणाचा. त्यातून आलेले बोअरचे पाणी बहुधा जड असते. शाळेच्या पुस्तकातले ‘दुष्फेन पाणी’ ते हेच. त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियम साध्या साबणाला बांधून टाकतात आणि फेसाऐवजी राखाडी साका तयार होतो. तो कापडात बसतो, पांढरे कपडे मळकट दिसतात. डिटर्जंटला ही अडचण कमी येते. १९५९ मध्ये सर्फ आणि १९६९ मध्ये निरमा भारतीय बाजारात आल्यानंतर धुण्याचा साबण मागे पडत गेला, त्यामागे पाण्याचे हेही एक कारण आहे.

पाणी किती जड आहे हे घरीच पाहता येते. दोन सारख्या बाटल्या घ्याव्यात. एकीत पावसाचे किंवा आरओचे पाणी, दुसरीत बोअरचे. दोन्हींत अंघोळीच्या साबणाचा सारखा कीस टाकून हलवावे. बोअरच्या बाटलीत फेस कमी आणि पाणी दुधाळ, गढूळ झाले तर पाणी जड आहे.

अशा वेळी पावडर दुप्पट करणे हा उपाय नव्हे. पावडर टाकण्याआधी थोडा धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून घेतला तर कॅल्शियम खाली बसते आणि नेहमीची पावडर पुरते. सोड्याने हात अधिक कोरडे होतात, म्हणून हातमोजे हवेत. आणि जमत असेल तर साबण लावण्यासाठी नळाचे पाणी, पहिल्या खळबळीसाठी बोअरचे, अशी वाटणी करावी.

पावडर जास्त होते आहे का, हे पाहण्याची सोपी युक्ती आहे. धुऊन वाळलेला टॉवेल स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून चुरगळावा. पाण्यावर फेस आला तर तो कापडात राहिलेल्या पावडरीचा. पुढच्या वेळी माप पाव हिस्सा कमी करावे आणि कपडे स्वच्छ निघतात तोवर त्याच मापावर राहावे.

रिठा आणि घरगुती उपाय किती खरे?

रिठ्याच्या सालीत सॅपोनिन हे नैसर्गिक फेसद्रव्य असते. जड पाण्यातही ते काम करते. मूठभर साली रात्री कोमट पाण्यात भिजवून, सकाळी उकळून, कुसकरून गाळल्या की पाणी तयार होते. रेशमी साड्या, लोकरीचे कपडे, गडद सुती कपडे यांना ते चांगले. तेलकट डाग आणि पांढऱ्या शाळेच्या शर्टांना ते कमी पडते, पांढऱ्यावर पिवळट छटाही येऊ शकते. हे पाणी दोन-तीन दिवसांत नासते आणि डोळ्यांत गेले तर चांगलेच झोंबते.

‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ हे मात्र खरे नाही. सॅपोनिन माशांना विषारी असते. ओढ्यात मासे गुंगवण्यासाठी रिठ्याचा वापर पूर्वापार होत आला आहे. म्हणून रिठ्याचे पाणीही थेट तलावात किंवा ओढ्यात सोडू नये. नैसर्गिक असो की कारखान्यातले, प्रश्न एकच विचारायचा: हे किती वापरले आणि कुठे गेले?

मोबाइलवर फिरणाऱ्या काही कृतींबाबत सावध राहावे. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यावर येणारे बुडबुडे दिसायला छान, पण दोन्ही एकमेकांना निकामी करतात. अंगाचा साबण किसून केलेली ‘घरगुती पावडर’ जड पाण्यात साका धरते. खाण्याचा सोडा सौम्य, धुण्याचा सोडा तीव्र आणि कॉस्टिक सोडा कातडी जाळणारा; तिघांची नावे सारखी असली तरी पदार्थ वेगळे आहेत. ब्लीच आणि संडास साफ करायचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो.

सुटी पावडर घ्यावी का?

किराणा दुकानात किलोवर मिळणारी सुटी पावडर स्वस्त असते. अनेक ठिकाणी ती छोट्या घरगुती उद्योगांत बनते आणि त्यावर काहींची चूल चालते. तिला सरसकट वाईट म्हणण्याचे कारण नाही. पण स्लरी आणि सोडा यांचे प्रमाण चुकले तर सोडा उरतो आणि हात चुरचुरतात. पुड्यावर घटक, उत्पादकाचा पत्ता, वापराचे माप काहीच नसते. सुटी घ्यायचीच असेल तर ओळखीच्या उत्पादकाकडून घ्यावी, घटक विचारावेत. बनवणाऱ्यांनी चष्मा, हातमोजे आणि तोंडाला फडके वापरावे. स्लरी मुळात आम्ल आहे.

सुटे लिक्विड थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून आणू नये. लहान मुलाला ती पेयाचीच बाटली वाटते. मुलाने डिटर्जंट प्यायले तर उलटी करवू नये, तोंड पाण्याने पुसून काढावे आणि १०८ ला फोन करून तातडीने रुग्णालय गाठावे. जाताना ती बाटली किंवा पुडा सोबत न्यावा.

पुड्यावर काय शोधावे?

अंघोळीच्या साबणाच्या वेष्टनावर घटकांची यादी असते. धुण्याच्या पावडरीच्या पुड्यावर ती अनेकदा नसते. असेल ते नीट वाचावे. ‘इको’, ‘ग्रीन’, ‘नॅचरल’, लिंबाचे किंवा पानाचे चित्र, यांतून काहीच सिद्ध होत नाही. घरगुती डिटर्जंट पावडरसाठी भारतीय मानक ब्युरोचे ‘आयएस ४९५५’ हे मानक आहे. त्याचा उल्लेख असेल तर गुणवत्तेची किमान हमी मिळते. पर्यावरणपूरक वस्तूंसाठी केंद्र सरकारने १९९१ मध्ये मातीच्या मडक्याचे चिन्ह असलेली ‘इकोमार्क’ योजना आणली. २०२४ मध्ये तिचे नवे नियम आले. हे चिन्ह दुकानात क्वचितच दिसते. दिसले तर त्या पुड्याला पसंती द्यावी आणि दिसत नसेल तर दुकानदाराकडे मागावे. मागणी नसलेला माल दुकानदार ठेवत नाही.

धुण्याचे पाणी झाडांना चालते का?

पाण्याची टंचाई असलेल्या शहरात हा प्रश्न घरोघर असतो. पहिले, साबणाचे पाणी झाडांना घालू नये. त्यातील सोडियम जमिनीत साठते. सोलापूरची काळी माती मुळातच चिकण. सोडियम वाढले की ती अधिक घट्ट होते आणि पाणी मुरत नाही. हे पाणी संडासात किंवा अंगण धुवायला वापरावे. शेवटच्या खळबळीचे पाणी मोठ्या झाडांना अधूनमधून चालते. तुळस, रोपे आणि पालेभाज्यांना नको. कमी सोड्याचे, फॉस्फेट नसलेले डिटर्जंट मापात वापरले तर हे पाणी अधिक वेळा कामी येते.

एका घराने बदल करून काय होणार?

उजनीतील फॉस्फरस केवळ पावडरीतून येत नाही. मैला आणि शेतातील खते यांचा वाटा मोठा आहे. शुद्धीकरण केंद्रे पूर्ण क्षमतेने चालवणे, डिटर्जंटमधील फॉस्फेटला मर्यादा घालणे, पुड्यावर घटक छापणे सक्तीचे करणे, ही कामे सरकारची आणि महापालिकांची आहेत. शुक्रवार पेठेतल्या घरांनी पावडर बदलल्याने उजनी निवळणार नाही.

पण काही फायदे त्याच घरात, त्याच महिन्यात दिसतात. पावडर कमी लागते, खळबळीचे पाणी वाचते, हात बरे राहतात. पाणी रोज न येणाऱ्या शहरात वाचलेली एक बादलीसुद्धा मोजली जाते. शिवाय सोलापूर जसे पुण्याच्या खाली आहे, तसे सोलापूरच्या खालीही कुणी आहे. शहराचे सांडपाणी सीना-भीमेच्या खोऱ्यातूनच पुढे कर्नाटकात जाते. वरच्यांनी आपल्या पाण्याची काळजी घ्यावी, अशी अपेक्षा सोलापूरकर रास्तपणे करतात. खालच्या गावांचीही तीच अपेक्षा सोलापूरकडून आहे.

थोडक्यात, दुकानात आणि मोरीत

• ‘फॉस्फेटविरहित’ लिहिलेले घ्यावे; एन्झाइम असलेले चालते.
• त्वचा नाजूक असेल, घरात बाळ असेल तर सुगंध आणि रंग नसलेले निवडावे.
• मशिनसाठी मशिनचीच, कमी फेसाची पावडर घ्यावी.
• पुड्यातून ओतू नये. एक चमचा ठरवून मापाने घालावी.
• पाणी जड असेल तर पावडर वाढवण्याऐवजी आधी थोडा धुण्याचा सोडा वापरावा.
• टॉवेलला सॉफ्टनर नको. कपडे उन्हात वाळवावेत.
• धुणे करणाऱ्या प्रत्येकीसाठी मोरीजवळ रबरी हातमोजे ठेवावेत.
• तलाव, विहीर, ओढा यांच्या काठावर कोणत्याही साबणाने कपडे धुऊ नयेत.